दारावरून पाहिलेला रहस्यपट

परीक्षांचे दिवस आले की आमच्या दादरच्या इमारतीचा आवाज बदलतो. जिन्यातलं क्रिकेट थांबतं, तळमजल्यावरचा तबला संध्याकाळी मुका राहतो आणि सकाळच्या पहिल्या उन्हात प्रत्येक गॅलरीतून कुणी ना कुणी पुटपुटत फेऱ्या मारताना दिसतं. यंदा त्या पुटपुटण्यात माझी नात इराही होती. ती कॉलेजात माध्यमांचा अभ्यास करते. रहस्यपटांच्या ठरलेल्या संकेतांना कथनाचे सिद्धांत लावून दाखवा, असा एक प्रश्न तिच्या पेपरात हमखास येतो म्हणे. हातात चुरगळलेल्या नोट्स, केसात पेन खोचलेलं आणि चेहऱ्यावर वैताग.

"आजी, तू शिकवायचीस ना हे? एकदा सोपं करून सांग ना, प्लीज. यात नुसती नावंच नावं आहेत."

मी तीसेक वर्षं मराठी शिकवलं. शेवटी शेवटी चित्रपट-आस्वादाचा वर्गही माझ्याकडे आला होता. तेव्हा तिला समोर बसवलं आणि सांगू लागले. एक असतं घडलेलं आणि एक असतं सांगितलेलं. घडलेलं सरळ रेषेत घडतं. आधी वैर, मग कट, मग खून, मग शोध. सांगणारा मात्र खुनापासून सुरुवात करतो आणि वैर शेवटपर्यंत मुठीत ठेवतो. कुणाला काय ठाऊक आहे आणि ते केव्हा कळणार, या दोन दोऱ्या ज्याच्या हातात त्याच्या हातात प्रेक्षक. बाकीचं सगळं, म्हणजे धुकं, करकरणारं दार, मध्येच जाणारे दिवे, लंगडत चालणारा माळी, हे त्या दोऱ्यांना बांधलेले घुंगरू.

इरा भराभरा लिहून घेत होती. मग मान वर करून तिनं विचारलं की हे मी पहिल्यांदा कोणत्या पुस्तकात वाचलं. खरं तर मी ते पुस्तकात वाचलेलं नव्हतं. पुस्तकं नंतर आली. पहिल्यांदा ते मला लालबागच्या एका थिएटरच्या दारावर उभ्या असलेल्या माणसानं सांगितलं, आणि तेसुद्धा माझ्या मॅट्रिकच्या परीक्षेच्या तोंडावर.

त्यांचं नाव शिवराम जाधव. आम्ही त्यांना जाधवकाका म्हणायचो. खाकी सदरा, हातात टॉर्च, तिकीट फाडताना अंगठ्याला चिकटलेला गुलाबी रंग. ते राहायला परळच्या एका चाळीत होते, आम्ही लालबागला. आमची त्यांची ओळख झाली ती माझ्या आत्यामुळे. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, तेव्हा मालवणाकडून ती आमच्याकडे आली आणि गिरणीच्या वाइंडिंग खात्यात लागली. दिवसभर सुताच्या कांड्या भरायच्या, तुटलेले धागे जोडायचे. तिला देवदेव नव्हता, दागिन्यांची हौस नव्हती. तिला एकच नाद होता, रहस्यपटांचा. सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराच्या खेळाला ती जायची आणि सोबत म्हणून मला न्यायची. आई कुरकुरायची की पोरीची परीक्षा आहे. आत्या केसात फणी फिरवत म्हणायची, "अभ्यास खंय पळान जाता?"

आम्ही कडेच्या रांगेत, दाराजवळ बसायचो. बायकांना तिथे बरं पडायचं. मध्यंतरात आत्या दाराशी जाऊन जाधवकाकांना खुनी कोण ते ओळखून दाखवायची आणि ते टॉर्च बगलेत धरून, अगदी गंभीर चेहऱ्यानं ऐकून घ्यायचे. हो नाही काहीच म्हणायचे नाहीत. ताई, अजून अर्धं चित्र बाकी आहे, एवढंच. खेळ सुटल्यावर आत्या चुकलेली असली तर ती न बोलता पुढे निघून जायची, आणि मी रेंगाळून काकांना विचारायची की तुम्हाला कसं कळतं.

त्यांचं म्हणणं असं की पडद्याकडे बघून चित्र कळत नाही. पहिले दोन खेळ ते पडदा बघायचे आणि मग आठवडाभर माणसं बघायचे. अंधाराला डोळे सरावले की पडद्याच्या उजेडात रांगाच्या रांगा दिसतात. एकदम काही झालं, कपाटातून प्रेत पडलं, तर माणसं मागे जातात. कोण, कुठे, कशासाठी हे कळेनासं झालं तर शेजाऱ्याकडे वळतात. पण खुनी खिडकीच्या पडद्यामागे उभा आहे हे आपल्याला दिसतंय आणि नायिकेला ठाऊक नाही, ती गाणं गुणगुणत खोलीत शिरतेय, अशा वेळी सगळं थिएटर पुढे येतं. एखादी म्हातारी तर मोठ्यानं सांगते, बाई, आत जाऊ नकोस. काका म्हणायचे, त्या म्हातारीला हसायचं नाही, तिला जे कळलंय ते तिच्या पोटात मावत नाही म्हणून ती बोलते.

पुढे कित्येक वर्षांनी मी परदेशी पंडितांची पुस्तकं उघडली तेव्हा तिथे हेच होतं. प्रेक्षकाला पात्रापेक्षा कमी ठाऊक असलं की गूढ, तेवढंच ठाऊक असलं की शोध, जास्त ठाऊक असलं की ताण. तक्ते होते, आकृत्या होत्या. मला मात्र प्रत्येक आकृतीत पाठीमागून पाहिलेली डोकी दिसायची. कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या अंबाड्यात अबोली. संशयिताबद्दलही काकांचा एक नियम होता. चित्र ज्याच्याकडे सारखं बोट दाखवतं तो खुनी नसतो, ज्याच्याकडे नीट बघायला आपल्याला सवडच दिली जात नाही तो असतो. हा नियम मी पुढे वर्गात माझा म्हणून सांगितला. कुणाकडून घेतला ते सांगायचं राहून गेलं, आणि ते आता सांगते आहे.

ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची वर्षं होती. गिरणगावात तेव्हा भिंतीसुद्धा बोलत होत्या. गेरूनं लिहिलेल्या घोषणा, कामगार मैदानातल्या सभा, डफाच्या थापेबरोबर चाळीच्या जिन्यांवरून खाली धावणारी माणसं. बाबा परळच्या एका गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. एरवी घरात फार न बोलणारे बाबा जेवताना मुंबई कुणाची यावर बोलायला लागले की आई पोळी तव्यावर विसरायची. त्या हिवाळ्यात मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि सगळं पेटलं. गोळीबार, संचारबंदी, पुन्हा दोन दिवस शांत, पुन्हा मोर्चे. आमच्या शाळेला अभ्यासासाठी सुट्टी लागली होती, पण पुस्तकात लक्ष कुणाचं?

अशाच एका शांत वाटलेल्या दिवशी आत्यानं कामाला दांडी मारून मला खेळाला नेलं. ते चित्र दुसऱ्या दिवशी उतरणार होतं. आईला आम्ही अर्धवटच सांगितलं. चित्रात डोंगरावरचा एक बंगला होता, त्यात एकटी राहणारी श्रीमंत मुलगी, एक लंगडा माळी, आणि तिला रोज औषध द्यायला येणारे मायाळू डॉक्टर. मध्यंतरात आत्या माळ्यावर संशय घेऊन परतली.

मध्यंतरानंतर थोड्या वेळानं मला खोकल्याची उबळ आली. लोकांना त्रास नको म्हणून मी बाहेर आले. बाहेरच्या व्हरांड्यात कुणी नव्हतं. रस्त्याकडचं लोखंडी जाळीचं दार ओढून कुलूप घातलेलं होतं आणि जाधवकाका जाळीला हात लावून उभे होते. डोळ्यांना काहीतरी झोंबलं. जाळीतून मी पाहिलं तर रस्ता रिकामा होता. सगळीकडे चपला पडल्या होत्या. एक हातगाडी आडवी झाली होती आणि संत्री गटारापर्यंत गेली होती. लांबून फटाक्यांसारखे आवाज येत होते. मग चौघेजण एका चादरीत कुणालातरी घालून पळत गेले. चादर मधोमध लाल होती.

काकांनी मला पाहिलं आणि ते माझ्या आणि जाळीच्या मधे येऊन उभे राहिले. मी विचारलं की गिरण्या चालू आहेत का. ते म्हणाले की सकाळीच कामगार बाहेर पडले, असं मघाशी कुणीतरी पळता पळता सांगून गेलं. म्हणजे बाबा रस्त्यावर होते.

"ऐक," काका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "आत बायका आहेत, लहान पोरं आहेत. आत्ता कळलं तर सगळी एका दारातून सुटतील, आणि सुटून जातील कुठे? ह्या रस्त्यावर. मॅनेजर इथे नाहीत. ऑपरेटरला मी सांगून आलोय. थोडा वेळ काढू. तू आत जाऊन बस. आत्याला आत्ता काही बोलू नकोस."

मी आत गेले. त्यानंतरचा तासभर मी कधी विसरले नाही. पडद्यावर ती मुलगी मेणबत्ती घेऊन जिना चढत होती आणि सगळं थिएटर पुढे आलं होतं. मी तेवढी ताठ बसले होते. मला जे ठाऊक होतं ते त्या अंधारात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि जिच्या भावाबद्दल होतं ती माझ्या शेजारी बसून शेंगदाणे सोलत होती. तिला वाटलं मी चित्राला घाबरले. तिनं अंधारात माझा हात धरला आणि कानाशी म्हणाली, "घाबरू नको गो. सगळा खोटा असता."

वर्गात मी ताण हा शब्द शेकडो वेळा फळ्यावर लिहिला. प्रत्येक वेळी त्या हाताचा खरबरीत स्पर्श आठवला. सुतानं चिरलेली बोटं होती तिची. प्रेक्षक जास्त जाणतो म्हणजे काय होतं हे मला तेव्हाच कळलं. जाणणारा अगदी एकटा पडतो. चित्रात बरं असतं, तिथे शेकडो जण मिळून जाणतात आणि मिळून घाबरतात.

चित्र संपलं. खुनी ते डॉक्टरच निघाले. लोक उठू लागले, पण दिवे लागले नाहीत. पडद्यावर चहाची आणि दंतमंजनाची जाहिरात आली, पुन्हा तीच आली, आणि मग अचानक मध्यंतरानंतरचा भाग परत सुरू झाला. ऑपरेटरनं रिळं उलटी गुंडाळून पुन्हा चढवली होती. लोक हसले. कुणीतरी शिट्टी मारली. ऑपरेटर झोपेत आहे, पण फुकट मिळतंय तर कोण सोडतो, असं म्हणून बहुतेक जण खाली बसले. आणि मग एक गमतीची गोष्ट झाली. खुनी ठाऊक असल्यामुळे लोक आता डॉक्टरांकडेच बघू लागले. ते हातमोजे कधी घालतात, बाटली कुणाच्या नजरेआड ठेवतात, मघाशी कुणालाच दिसलं नव्हतं ते सगळं समोर होतं. आत्या पुटपुटली की हा मेला पहिल्यापासून हसत होता. दुसऱ्या वेळी पाहिलेला रहस्यपट वेगळाच असतो, त्यात कोण हा प्रश्न उरत नाही, कसं हा उरतो, यावर मी पुढे एक लेख लिहिला होता. त्या लेखाचं बीज इथलं.

पण बाहेरचे आवाज जवळ आले होते. पडद्यावर कुणी गोळी झाडत नसताना गोळी वाजली. दोन-चार डोकी एकमेकांकडे वळली. मी दाराकडे पाहिलं. जाधवकाका आत येऊन पडद्याच्या बाजूला उभे होते आणि आमच्याकडे बघत होते, एकेक रांग नीट निरखत. मग त्यांनी टॉर्च वर करून ऑपरेटरच्या खिडकीवर दोनदा मारला. चित्र थांबलं. दिवे लागले.

ते मधल्या वाटेत आले आणि बोलले. "बाहेर गोळीबार झालाय. पुढचा रस्ता बंद आहे. मला दीड तासापासून ठाऊक होतं, मी तुमच्यापासून लपवलं. तुम्ही एकदम बाहेर पडला असता तर कुणीतरी गेलं असतं. आता मागच्या गल्लीनं सोडतो, थोडे थोडे. कुणी धावायचं नाही."

मग एक टोपीवाला गृहस्थ तावातावानं पुढे आला. त्याची बायको पोराला घेऊन दवाखान्यात गेली होती आणि तुम्ही कोण मला कोंडणारे, असं तो विचारत होता. काकांनी त्याला उलट उत्तर दिलं नाही. त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि त्याला पहिल्या तुकडीत स्वतः मागच्या दारापर्यंत नेऊन सोडलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं की तुला ठाऊक होतं का. मी मान डोलावली. मला वाटलं ती रागावेल. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पदर खोचला आणि ती उठली. लेकुरवाळ्या बायकांना तिनं पुढे काढलं, कुणाचं पोर कडेवर घेतलं, कुणाला धीर दिला. कॉटन ग्रीनच्या बाजूला राहणारे आधी, मग आम्ही, असं करत गोदामांच्या भिंतींना धरून सगळे बाहेर पडले. त्या थिएटरातून निघालेल्या एकाही माणसाला त्या दिवशी काही झालं नाही.

बाबा दिवेलागणीला घरी आले. सदरा रक्तानं भरला होता. आई उंबऱ्यातच खाली बसली. ते रक्त त्यांचं नव्हतं. एका अनोळखी माणसाला त्यांनी आणि आणखी कुणी परळच्या इस्पितळात पोचवलं होतं. आतले लोक त्याला घेऊन गेले आणि यांना बाहेर काढलं. नंतर बाबा दोनदा चौकशीला गेले, पण नावच ठाऊक नसलेल्या माणसाची चौकशी कशी करणार? तो जगला की नाही हे आम्हाला कधीच कळलं नाही. रहस्यपटात उघडलेला प्रत्येक प्रश्न शेवटच्या रिळापर्यंत मिटवायचा असतो, तो त्या चित्रप्रकाराचा करार असतो. आमच्या घरात तो एक प्रश्न उघडाच राहिला, आणि बाबांनी तो मिटवायची घाई केली नाही. सभेत हुतात्म्यांसाठी उभं राहायची वेळ आली की सगळ्यांनंतरही ते थोडा वेळ उभे राहायचे.

परीक्षा झाली. मी पास झाले, पुढे शिकले. काही वर्षांनी मुंबईसह महाराष्ट्र झाला, तेव्हा लालबागच्या प्रत्येक गॅलरीत दिवे लागले होते आणि बाबा लहान मुलासारखे जिन्यावरून वर-खाली करत होते. पंडित सांगतात की गोष्ट म्हणजे एक समतोल, तो मोडणं, आणि मग दुसरा समतोल. आणि हा दुसरा कधीही पहिल्यासारखा नसतो. इराला मी हे वाक्य दोनदा लिहून घ्यायला लावलं. तिनं विचारलं नाही का म्हणून. विचारलं असतं तर मी तिला परीक्षेनंतरची ती एक दुपार सांगितली असती.

पेपर संपल्यावर आत्याच्या कानावर आलं की त्या दिवसाचा हिशेब मालकांनी आता काढलाय आणि जाधवकाकांना आठ दिवस घरी बसवलंय. न विचारता खेळ लांबवला, रिळं झिजवली, लोक कोंडून ठेवले. आत्यानं त्या रविवारी घावणे केले, डब्यात भरले आणि मला घेऊन त्यांच्या चाळीत गेली. आमच्या घरातलं कुणी तोवर त्या चाळीत पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. आत्याही नाही. असं का, ते आमच्या घरात कुणी बोलत नसे, सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच वर्षी दसऱ्याला काका नागपूरला जाऊन आले आणि त्यांचं घर बौद्ध झालं. पण ही दुपार त्याच्या आधीची.

एक खोली. भिंतीवर बाबासाहेबांचा कोट घातलेला फोटो, कोनाड्यात वह्यांची चवड. काकूंनी आम्हाला आत घेण्याआधी क्षणभर आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग चटई घातली. बोलणं इकडचं तिकडचं झालं. नोकरीबद्दल काका तक्रार करत नव्हते, माळ्यावर संशय घेतल्याबद्दल आत्याची थट्टा मात्र केली. काकूंनी चहा आणून ठेवला. आत्या कपाकडे बघत राहिली. मग तिनं तो उचलला आणि प्यायली. पिता पिता तिनं काकांना विचारलं की त्या दिवशी दिवे लावलेत कशासाठी, लोक बसले होते, अजून अर्धा तास सहज निघाला असता.

"निघाला असता," काका म्हणाले. "पण ताई, सगळं थिएटर पडद्याकडे बघत होतं आणि ही तुमची पोर एकटी दाराकडे बघत होती. तिला मीच गप्प राहायला सांगितलेलं. बाप बाहेर, तोंडातून शब्द नाही. मला ते बघवेना. म्हटलं, एवढं ओझं एका पोरीवर कशाला, सगळे मिळून उचलू."

मी खाली चटईकडे बघत बसले. आभार मानायला हवे होते, पण सोळा वर्षांच्या मुलीला ते जमत नाही, आणि जमायला लागलं तोवर काका नव्हते. आत्यानं कप रिकामा केला, पुरे म्हणून बशीत पालथा न घालता तसाच काकूंच्या पुढे धरला आणि म्हणाली,

"वहिनी, अजून अर्धा कप असेल?"